पनवतीचा हात

लास तालास या डोंगरी गावच्या मोटारशर्यतवाल्यांमध्ये सहा वर्षं ओतिलिया ब्रोन्दिनोचं नाव कुणी घेत नव्हतं. घ्यायची वेळ आलीच तर ‘ती भट्टीवाली’ म्हणायचे आणि लगेच जवळचं लोखंड चाचपायचे. जवळ लोखंड नसलं तर पुरुष आणखी कुठे तरी हात लावायचे आणि फिदीफिदी हसायचे. तिकडे अशा माणसाला ‘मुफा’ म्हणतात. मुफा म्हणजे पनवती. मुफाने गाडीला हात लावला की गाडी दरीत जाते, मुफाने ‘जपून जा’ म्हटलं की इंजिन बसतं. हा शिक्का एकदा बसला की पुसायला देवसुद्धा खाली उतरत नाही.

ओतिलियावर तो शिक्का मारला दार्दो लुपेर्तीने. ही गोष्ट ती रोज सकाळी उठल्यावर, तोंड धुवायच्या आधी, एकदा मनाशी म्हणायची. विसरायला होऊ नये म्हणून.

तिचा बाप आन्सेल्मो छकड्यांचे आणि ट्रकचे कमानपाटे, चाकांवरचे ते वाकवलेले पोलादी पट्टे, करायचा. कोर्दोबाच्या डोंगरातले रस्ते असे, की ट्रकचा पाटा तुटला नाही असा आठवडा जात नसे. ओतिलिया अकराव्या वर्षी भाता ओढायला लागली. पंधराव्या वर्षी पोलादाला पाणी द्यायला शिकली: पाटा किती लाल झाला की तेलात बुडवायचा, हे ती रंगावरून नाही, वासावरून सांगायची. बापाचे हात थरथरायला लागले तेव्हा भट्टी थंडावली आणि ती दार्दोच्या कारखान्यात लागली. साल चौऱ्याहत्तर. दार्दो शर्यतीच्या गाड्यांचे शॉकॲब्सॉर्बर आणि स्प्रिंगा करायचा. त्याच्याकडे गिऱ्हाईक होतं आणि जीभ होती. ओतिलियाकडे कान होता. गाडी जवळून गेली की पाठमोरी उभी राहूनच ती सांगायची, ‘मागच्या उजव्याचं तेल पातळ झालंय.’ उघडून बघावं तर झालेलं असायचं.

सतरा वर्षं गाड्या तिने बसवल्या, स्प्रिंगा-शॉक लावून रस्त्याला जुळवल्या, आणि पाटीवर नाव दार्दोचं राहिलं. त्याचं तिला काही वाटलं नाही. पगार मिळत होता. दार्दोचा पोरगा लेआन्द्रो तिच्या पायाशी बेअरिंगच्या गोळ्या खेळत मोठा झाला, त्याचं नाक तिने स्वतःच्या झग्याला पुसलं. आणि वाल्तेर ओचोआसारखा शर्यतवाला चढणीला निघण्याआधी बॉनेटवर थाप मारून म्हणायचा, “ओतीने हात फिरवलाय, आता सैतान आला तरी गाडी सरकायची नाही.” एवढ्यावर ती खूश होती.

मग एक्याण्णवच्या सुरुवातीला दार्दोला काटकसर सुचली. शॉकचा आतला दांडा, चकचकीत क्रोम चढवलेला, महाग यायचा. दार्दो जुन्या दांड्यांची झिजलेली टोकं कापून त्यावर नवी टोकं वेल्डिंगने जोडायला लागला, आणि ‘नवा दांडा’ म्हणून लावायला लागला.

तिकडे मानाने पुरुषाला ‘दोन’ आणि बाईला ‘दोन्या’ म्हणतात. ओतिलिया त्याला म्हणाली, “दोन दार्दो, कोंबड्यांच्या ट्रकला चालेल हे. शर्यतीच्या गाडीला नको. वेल्डिंगच्या शेजारी पोलाद जळतं. निळं पडतं. तिथूनच मोडेल.”

“तू पाटेवाल्याची पोर,” तो म्हणाला. “तुझं काम बघ.”

सात महिन्यांनी वाल्तेरची गाडी चुनाभट्टीच्या वळणावर, घाटातलं ते सगळ्यात आवळ वळण, पुढच्या डाव्या चाकावर बसली आणि कठडा तोडून ओढ्यात गेली. वाल्तेरचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. गाडीपाशी सगळ्यात आधी पोचला तो दार्दो, आणि संध्याकाळपर्यंत तो मोडका शॉक कुणाच्या दृष्टीस पडला नाही.

पुढच्या शुक्रवारी शर्यतवाल्यांच्या क्लबात नेहमीप्रमाणे मांस भाजत होतं. दार्दो ग्लास घेऊन उभा राहिला. डोळ्यात पाणी.

“मी तिला दोष देत नाही,” तो म्हणाला. “बाईमाणूस आहे, दमली असेल. शॉकचा वरचा नट आवळायचा राहिला. कुणाचाही राहील.”

दोष देत नाही म्हणता म्हणता त्याने सगळा दोष तिच्या पदरात घातला. ओतिलिया तिथेच होती, हातात ताटली घेऊन.

“नट मी आवळला होता,” ती म्हणाली. “दांडा बघा. दांडा कुठाय?”

“भंगारात गेला गं,” दार्दो इतक्या मायेने म्हणाला की चार बायकांनी त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं.

तिसऱ्या दिवशी वाल्तेरकडून निरोप आला, ओतिलियाने इस्पितळात येऊ नये. महिन्याभरात आणखी दोन गाड्या कुठल्या कुठे आपटल्या, त्यांचा तिच्याशी काडीचाही संबंध नव्हता. पण तोवर ती मुफा झाली होती.

ती बापाच्या शेडमध्ये परतली. भट्टी पेटवली. सहा वर्षं तिने दुधाच्या, विटांच्या, कोंबड्यांच्या ट्रकचे पाटे ठोकले. घणाचा प्रत्येक घाव आपण कुणाच्या डोक्यात घालतोय हे तिला नीट ठाऊक असायचं. लोक म्हणायचे, काळ जखम भरतो. ओतिलियाची जखम तिनेच भरू दिली नाही. अधूनमधून खपली काढून बघायची, ओली आहे ना.

तिकडे दार्दोचे दिवस फळफळले. देशाचा पेसो आणि डॉलर एका भावाचे झाले, परदेशी माल ओतू लागला. दार्दोने काचेचं दुकान थाटलं. खोक्यात बंद, सोनेरी रंगाचे, परदेशी लेबलाचे शॉक. एका गाडीचा संच घ्यायचा तर मास्तराचा सहा महिन्यांचा पगार जायचा. लेआन्द्रो आता चोवीस वर्षांचा, आयात केलेली टर्बो गाडी घेऊन घाटाच्या दोन शर्यती लागोपाठ जिंकला होता. दुकानाची त्याहून मोठी जाहिरात कोणती?

*

फाउस्तो अल्तामिरा ओतिलियाच्या शेडमध्ये पहिल्यांदा आला तो पावाच्या व्हॅनचं गाऱ्हाणं घेऊन. चौतिशीचा, पोट सुटू लागलेला, भुवयांवर कायम पीठ. रोज दोनदा घाट चढून पलीकडच्या गावांना पाव पोचवायचा.

“दोन्या ओतिलिया, वळणावर माझे ट्रे कलंडतात. पाव चेंगरतो. चेंगरलेल्या पावावरून बायकांची बोलणी खावी लागतात.”

“हळू चालव.”

“मग पाव शिळा होतो.”

“मी कोण आहे माहितीय ना?”

“मुफा,” तो सरळ म्हणाला. “पण दोन्या, माझी बायको तिच्या आईसकट घरात राहते. मला तुम्ही आणखी काय करणार?”

ओतिलिया कित्येक दिवसांनी हसली. तिने व्हॅनखाली वाकून पाहिलं. भंगारातल्या एका स्टेशनवॅगनचा आडवा दांडा काढला, दोन्ही मागच्या चाकांना जोडणारा, वळणावर गाडी एका कुशीवर पडायला लागली की पिळला जाऊन तिला सावरणारा. तो तापवून वाकवला आणि व्हॅनला बसवला. दुसऱ्या दिवशी फाउस्तो पावाची पिशवी घेऊन आला आणि बाकावर बसूनच राहिला.

“एक पाव हलला नाही,” तो म्हणाला. “तीच वळणं, तोच वेग. उलट जास्तच.” मग घसा खाकरून, “दोन्या, माझ्याकडे आणखी एक गाडी आहे.”

ती होती जुनी फियाट १२८, तिच्या काळी शर्यतीसाठी म्हणून काढलेली जोरकस इंजिनाची. सासऱ्याकडून आली होती. इंजिन ठणठणीत, पण वळणावर नाक बाहेर बाहेर पळायचं आणि खड्ड्यात उड्या मारायची. दार्दोच्या दुकानात त्याने शॉकची किंमत विचारली होती, तेव्हा दार्दो हसून म्हणाला होता, ‘पाववाल्या, आधी एवढे पाव भाज.’

“एप्रिलची शर्यत?” ओतिलियाने विचारलं.

“नाव द्यावं म्हणतो.”

“लेआन्द्रो पळणारे?”

“पळणारे ना.”

ओतिलियाने हात पुसले. “मजुरी घेणार नाही,” ती म्हणाली. “सामान भंगारातून आणू. पण मी सांगेन तसंच चालवायचं. आणि जिंकलास तर गाडी कुणी बसवली हे भोंग्यावरून सांगायचं. माझं आख्खं नाव. बापाच्या नावासकट.”

पुढचे तीन महिने शेडमध्ये जे चाललं ते बघायला कुणी आलं नाही, कारण मुफाच्या दारात कोण उभं राहणार? १२८ला मागे आडवा पाटा असतो, एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत. ओतिलियाने तो उतरवला, ट्रकच्या मोडक्या पाट्यातून एक जादा पान कापून त्यात घातलं, कमान बदलली, तेलात बुडवून पाणी दिलं. मागची बाजू जराशी कडक झाली की नाक आत वळतं, हे तिला पाठ होतं. पुढे जड गाडीच्या स्प्रिंगा आखूड करून बसवल्या. सांध्यांमधले रबराचे बुश सगळे ढिले. तिने खाटकाकडून त्याची मांस कापायची जुनी जाड पांढरी प्लॅस्टिकची फळी मागून आणली आणि तिच्यातून लेथवर बुश कातले. खाटीक म्हणाला, “हिच्यावर गाय कापली तेव्हा कुरकुरली नाही, गाडी काय कुरकुरणार.” कुरकुरायचे मात्र. पण ढळायचे नाहीत.

शॉक साधे देशी होते. तिने ते कापून उघडले, आतल्या पातळ चकत्या स्वतः बदलल्या, दोन जातींचं तेल मिसळून भरलं आणि पुन्हा उघडता येईल असं झाकण बसवलं. दांड्यांना हात लावला नाही. दांडे नवे आणले, तेवढे मात्र विकत. चाकांची दिशा दोरी ताणून लावली. चाकांखाली दोन-दोन फरशा, मधे मीठ, म्हणजे चाक सहज फिरावं.

पहिल्यांदा गाडी घाटात नेली तेव्हा ती बेडकासारखी उड्या मारत सुटली.

“कडक झालीय,” फाउस्तो जबडा धरून म्हणाला. “दाढ हलली माझी.”

ओतिलियाने गाडी थांबवायला लावली, उतरली आणि रस्त्यावरून चालत गेली. ठिगळं, मुळांनी फुगलेलं डांबर, वाहून आलेली खडी. ती बराच वेळ तिथेच उभी राहिली. सुडाच्या घाईत तिने परदेशातल्या गुळगुळीत रस्त्याची गाडी बांधली होती. नेमकं तेच दार्दो करत होता. ती परत आली, मधल्या ताकदीच्या दुसऱ्या स्प्रिंगा शोधल्या, आणि शॉकचं तेल असं बसवलं की चाक खड्ड्यात झटकन उतरावं, वर येताना मात्र सावकाश यावं. हे तिने अकरा वेळा बदललं. अकराव्या खेपेला फाउस्तोची दाढ हलली नाही. वर पोचल्यावर त्याने डोळे पुसले आणि म्हणाला, “धूळ गेली.”

“एक लक्षात ठेव,” ती म्हणाली. “वळणात शिरलास की ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा नाही. काढलास की हिचं ढुंगण पुढे येईल. भीती वाटली तर वळणाआधी वाटून घे.”

*

एप्रिलच्या रविवारी पोलिसांनी घाट बंद केला. कठड्यांवर माणसं, चुलींवर सॉसेजं, पाव, काळ्या कडू दारूत कोला. दोन फेऱ्या, सकाळी एक, दुपारी एक. दोन्हींच्या वेळेची बेरीज करायची. ओतिलिया निळ्या डगल्यात आली. ती चालेल तिथे गर्दी दुभंगायची. दार्दोने तिला लांबूनच पाहिलं, सगळ्यांना दिसेल असा पँटवर हात नेला आणि म्हणाला, “आज कुणाचं इंजिन बसतंय बघा रे!” हशा पिकला. ओतिलियाने हसणाऱ्यांचे चेहरे एकेक करून पाहून ठेवले.

सकाळच्या फेरीत लेआन्द्रो सरळ रस्त्यावर विमानासारखा गेला. फाउस्तो गेला पाव पोचवायला निघाल्यासारखा, आरडाओरडा नाही, टायरचं किंचाळणं नाही. पण वळणांवर १२८ रुळावरून गेल्यासारखी गेली. भोंग्यावर आकडे आले तेव्हा आधी कुणाला खरं वाटेना. अल्तामिरा पहिला. लेआन्द्रो लुपेर्ती चार दशांश सेकंद मागे.

कठड्यावर कुणी तरी ओरडलं, “पाववाल्याने पोळलं रे!” आणि सगळा घाट हसला; यावेळी दार्दोला. ओतिलियाने त्याचा चेहरा पाहिला. पांढरा, मग लाल. पुऱ्या सहा वर्षांत तिच्या जिभेला इतकी गोड चव आली नव्हती.

लेआन्द्रोची गाडी खाली परत येताना तिच्या जवळून गेली. ओतिलिया पाठमोरी होती, माते, तो तिकडचा कडू पाल्याचा चहा, पीत होती. तिच्या कानाने गाडी आपोआप ऐकली.

टक्.

वळताना, पुढून, डावीकडून. दगड उडाल्यासारखा बारीक आवाज. पण दगड असा दर वेळी, वळण सुरू होतानाच उडत नसतो.

तिला सगळं एका क्षणात कळलं. परदेशी शॉक या गाडीला लांब झाले असणार. नवे मागवायला वेळ लागला असता, म्हणून त्याने दांडा कापून जोडला असणार. सोनेरी रंग वरून, आणि आत तेच जळलेलं पोलाद. माणूस बदलत नाही, त्याचा फक्त रंग बदलतो.

ती एका दगडावर बसली. पलीकडे दार्दो पोराच्या खांद्यावर हात ठेवून ओरडत होता, “दुपारी जोर लाव! पाववाल्याकडून हरायचं? लाज नाही वाटत?” म्हणजे दुपारी तो आणखी जोरात नेणार. चुनाभट्टीच्या वळणावर दांडा जाणार. तिने काही करायचंच नव्हतं. नुसतं गप्प बसायचं होतं. सहा वर्षं तिने देवाकडे मागितलं होतं ते देव ताटात वाढून देत होता: तोच डोंगर, तेच वळण, तेच चाक, आणि या खेपेला आत दार्दोचं रक्त.

तिने माते संपेपर्यंत विचार केला. ती थंड डोक्याने विचार करत होती, आणि ही गोष्ट सांगताना तिने ते कधी लपवलं नाही.

तिला दिसलं की गाडी ओढ्यात गेली तर दार्दो पुन्हा सगळ्यात आधी खाली उतरेल. दांडा पुन्हा भंगारात जाईल. आणि वर येईल तेव्हा तो पोर गेलेला बाप असेल. लोक त्याला मिठ्या मारतील, क्लबात त्याच्या पोराचा फोटो लागेल. मेलेल्या मुलाच्या बापाला कोण चोर म्हणणार? उलट म्हणतील, मुफा आली होती त्या दिवशी. नाही. तिला दार्दो रडताना नको होता. तिला तो उभा हवा होता, धडधाकट, भर उन्हात, हजार माणसांसमोर.

लेआन्द्रोचं नाकही तिला आठवलं असेल. पण ते ती कधी बोलली नाही, आणि कुणी तिच्या चांगुलपणाबद्दल बोलू लागलं की चिडायची.

ती उठली आणि तपासनिसाच्या टेबलापाशी गेली. तपासनीस होता वाल्तेर ओचोआ. पाय गेल्यावर क्लबाने त्याला गाड्या तपासायचं काम दिलं होतं. सहा वर्षांत दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते.

“वाल्तेर.”

त्याने वर पाहिलं. त्याचा हात नकळत टेबलाच्या लोखंडी पायाकडे गेला.

“लाव हात,” ती म्हणाली. “झालं लावून? आता ऐक. लेआन्द्रोच्या पुढच्या डाव्या शॉकचा दांडा तुटतोय.”

“तुझी गाडी पहिली आलीय ओतिलिया. आता हे कशाला?”

“म्हणूनच आत्ता सांगतेय. हरले असते तर म्हणाला असतास, जळतेय.”

“कशावरून म्हणतेस?”

“वळताना टक् असा आवाज येतो.”

वाल्तेरने हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग अगदी हळू म्हणाला, “मलाही येत होता, त्या दिवशी. देवळाच्या वळणापासून. मला वाटलं, खडी उडतेय.” आणि तो काठी घेऊन उठला.

दार्दो गाडीसमोर आडवा उभा राहिला. “पनवती बोलली आणि तू उठलास? अरे, हिच्यामुळेच तुझा पाय गेला ना?”

“पाय माझा गेलाय,” वाल्तेर म्हणाला, “म्हणून मीच सांगतोय. जॅक लाव.”

“परदेशी माल आहे तो! उघडला तर वॉरंटी जाईल!”

“वॉरंटी जाऊ दे, पोरगा जायला नको. लेआन्द्रो, जॅक लाव. नाही तर दुपारी गाडी निघायची नाही.”

लेआन्द्रोने बापाकडे पाहिलं, मग ओतिलियाकडे. मुकाट्याने जॅक लावला, चाक काढलं, आणि दांड्यावरचा रबरी मोजा खाली ओढला. आत, टोकापासून चार बोटांवर, दांड्याभोवती एक निळा पट्टा होता, मोराच्या मानेसारखा. आणि पट्ट्याच्या कडेने केसाएवढी काळी रेघ.

“वरचा नट आधी बघा,” ओतिलिया मोठ्याने म्हणाली. भोवती शे-दीडशे माणसं जमली होती. “सगळे बघा. लेआन्द्रो, हाताने फिरतोय का?”

“नाही मावशी. घट्ट आहे.”

“पाना लाव. लागतोय ना जोर? दोघं लावा. बघितलंत? नट आवळलेला आहे. उद्या पुन्हा राहिला म्हणू नका.”

दांडा बाहेर आला तेव्हा तिने तो टेबलाच्या कडेवर आडवा धरला आणि हातोडीचा एक टोला दिला, अंड्याला द्यावा तेवढाच. दांडा गाजरासारखा मोडला.

ओतिलियाने तुटकं टोक उचललं, वाल्तेरच्या हातात दिलं, आणि मग दार्दोकडे वळली.

“हा जाईल का भंगारात, दोन दार्दो?”

दार्दो एक पाऊल मागे सरकला.

“पप्पा,” लेआन्द्रो म्हणाला, “तुम्हाला माहीत होतं?”

“बेटा, ते... सगळेच करतात...”

लेआन्द्रोने हेल्मेट जमिनीवर ठेवलं. आपटलं नाही, ठेवलं. आणि गर्दीतून खाली गावाकडे चालत निघाला. दार्दो त्याच्या मागे चार पावलं गेला आणि थांबला, कारण पुढची माणसं बाजूला होत नव्हती. ओतिलिया त्याच्याकडे बघत राहिली. तिला दया आली का? नाही आली. तिने शोधली, पण सापडली नाही.

दुपारी फाउस्तो भोंग्यावरच्या नावाच्या स्वप्नात निघाला आणि शेवटून तिसऱ्या वळणात घाबरून पाय काढला. १२८ गरकन फिरली आणि गवताच्या भाऱ्यांत पाठमोरी जाऊन बसली. तिथून गाडी काढून त्याने घाट पुरा केला, तरी बेरजेत तिसरा आला.

“काय सांगितलं होतं?” ओतिलिया त्याच्या अंगावर धावून गेली. “काय सांगितलं होतं तुला, ढेरपोट्या? भीती आधी वाटून घे!”

“आधी वाटली नाही हो!” फाउस्तो केसांतलं गवत काढत म्हणाला.

पण भोंगेवाल्याने तिसऱ्या नंबरच्या गाडीचं नाव सांगताना, कुणी न सांगता, पुढे म्हटलं, “गाडी बसवणारी, ओतिलिया ब्रोन्दिनो, आन्सेल्मो पाटेवाल्याची मुलगी.” आणि टाळ्या पहिल्या नंबरपेक्षा जास्त वाजल्या.

*

दार्दोच्या दुकानात लोक आपापले सोनेरी शॉक घेऊन रांगेत उभे राहिले, उघडून दाखव म्हणत. तीन आठवड्यांनी तो ओतिलियाच्या शेडमध्ये आला. दाढी वाढलेली.

“माफ कर,” तो म्हणाला. “लेआन्द्रो घरी येत नाही. तू सांगितलंस तर येईल.”

“माफी इथे मागून काय उपयोग? इथे मी एकटीच आहे. जिथे माझं नाव घालवलंस तिथे माग. शुक्रवारी.”

शुक्रवारी क्लब खच्चून भरला. मांस भाजत होतं. ओतिलिया ताटली घेऊन अगदी पुढे बसली. दार्दो उभा राहिला, जमिनीकडे बघत पुटपुटला.

“मोठ्याने,” ओतिलिया घास चावत म्हणाली. “मागे ऐकू येत नाहीये.”

त्याने पुन्हा म्हटलं. नट आवळलेला होता. दांडा मी जोडलेला होता. मी लपवला. ती खोटं बोलली नव्हती.

“आणि बाईमाणूस दमली होती, ते?”

“दमली नव्हती,” दार्दो म्हणाला.

ओतिलियाने हाड चोखून ताटलीत ठेवलं. “बस आता.” माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि पुढेही कधी म्हणाली नाही. लेआन्द्रोलाही तिने काही सांगितलं नाही. तो घरी गेला असेल तर आपल्या मनाने गेला.

वाल्तेरशी मात्र तिला अवघड गेलं. तो दुसऱ्या गुरुवारी आला, टोपी हातात घेऊन. तिने त्याला माते दिलं, बसायला बाक दिला.

“त्या हरामखोराशी माझं सोपं होतं,” ती म्हणाली. “तो हरामखोरच होता. तू माझा माणूस होतास, आणि तू मला एकदाही विचारलं नाहीस.”

“नाही विचारलं,” वाल्तेर म्हणाला.

तो पुढच्या गुरुवारी आला, आणि त्याच्या पुढच्या. तिथे बसून बुश घासून द्यायचा. दीड वर्ष ती त्याच्याशी कामापुरतं बोलली. मग एक दिवस त्याने एक बुश तिरपा घासला तेव्हा ती त्याला तोंड भरून, जुन्या पद्धतीने शिव्या देऊ लागली, आणि वाल्तेरने कान पकडून त्या सगळ्या ऐकून घेतल्या.

तोवर शेडच्या दारात गाड्या उभ्या राहायला लागल्या होत्या. ज्यांच्याकडे सोनेरी संचाचे पैसे नव्हते अशांच्या गाड्या: मास्तरांच्या, खाटकाच्या भाच्याच्या, एका नर्सच्या. शर्यतीच्या दिवशी जे हसले होते ते आले की ओतिलिया त्यांना रांगेत शेवटी उभं करायची. चेहरे तिच्या लक्षात होते. एकाला तिने पाच महिने थांबवलं. त्याने विचारलं, “दोन्या, अजून राग गेला नाही का हो?”

“कशाला जाईल?” ती म्हणाली. “मी त्याच्याच जोरावर काम करते. आलायस तर ते चाक सरकव इकडे.”